गाडी त्यांची, इंजिन माझं

तात्यांनी गोठा रिकामा करायला सांगितला तेव्हा गोठ्यात एकही जनावर नव्हतं. होती ती एक गाडी. गोल दिव्यांची, मळक्या पांढऱ्या रंगाची, आमच्या लहानपणी तालुक्याच्या डॉक्टरकडे नाहीतर सिनेमातल्या श्रीमंत बापाकडे असायची तसली. तिला चाकं होती, इंजिन होतं, स्टिअरिंग होतं, फक्त ती चालत नव्हती. तिच्या टपावर तात्यांच्या घरच्या मिरच्या वाळत असत आणि एवढ्या वर्षांत त्या गाडीचा कोणाला झालेला उपयोग तेवढाच.

तात्या म्हणजे गोठ्याचे मालक. मोशीतलं जुनं शेतकरी घर. शेतं इमारतींखाली गेली, म्हशी विकून झाल्या, पण चिंचेखालचा गोठा तेवढा राहिला होता. तोही आता जाणार होता.

"बिल्डरची मान्सं येऊन मोजून गेली, ताई," तात्या म्हणाले. "दिवाळी झाली की मशीन लावत्यात. तुमचं ते सामान कुठं न्यायचं ते बघून ठेवा."

सामान. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट वाटलं, इतक्या दिवसांत या वस्तूला बरोबर नाव देणारा हा पहिला माणूस भेटला.

जुन्या गाड्यांवर लोक बोलायला लागले की मला जांभई येते. गोठ्यात जो कोणी येई तो आधी कमरेवर हात ठेवून उभा राही, मग मडगार्डवर थाप मारी आणि म्हणे, "पत्रा बघा, पत्रा! आताच्या गाड्यांना असला पत्रा कुठे?" मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. आमच्याकडे आताच्या गाड्यांचेच पत्रे दाबून आकाराला आणतात, आणि प्रेस बंद पडला की तो चालू करायला मला बोलावतात. आताचा पत्रा पातळ का असतो हे मला ठाऊक आहे. धडक बसली की तो चुरगळतो आणि आतला माणूस वाचतो. जुना पत्रा शाबूत राहायचा आणि माणूस चुरगळायचा. हे मी सुरुवातीला एकदोघांना सांगून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पत्र्यावर आणखी एक थाप मारली.

आता ही गाडी माझ्या गळ्यात कशी पडली ते सांगते.

मी लातूरकडची. डिप्लोमा करून भोसरीत आले, तिथून चाकणला. नव्या कंपनीत मेंटेनन्सच्या खात्यात मी एकटीच बाई. लोक मला पाने-पक्कड उचलून द्यायला यायचे, जणू मला संधिवात झालाय. एक सर मात्र तसे नव्हते. आमच्या खात्याचे प्रमुख. त्यांनी मला पहिल्या महिन्यात एका चालू मशीनपाशी उभं केलं आणि म्हणाले, "डोळे मीट आणि सांग, कुठलं बेअरिंग जातंय." मी सांगितलं. चुकलं. त्यांनी दुसऱ्या दिवशी परत उभं केलं. माणूस म्हणून ते शिकवायला चांगले होते, हे मी नाकारत नाही. पुढे जे काही लिहितेय ते हे मान्य करून लिहितेय.

सर रिटायर झाले. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं झालं. आणि थोड्याच दिवसांत त्यांचा फोन. "अगं, मी गाडी घेतली. येऊन बघ."

तळेगावात कोणा म्हाताऱ्या डॉक्टरांच्या आवारात ती उभी होती. डॉक्टर गेले, मुलांना आवार मोकळं हवं होतं. मी बोनेट उघडलं. इंजिन जाम. ब्लॉकला चीर गेलेली, इतकी की त्यात नख बसत होतं. मी म्हटलं, "सर, हे संपलंय."

"माहितीय," सर आनंदाने म्हणाले. "आपण दुसरं बसवू. नवं हृदय!"

तिथूनच मला सावध व्हायला हवं होतं. जो माणूस नोकरीत असताना इंजिनाला इंजिन म्हणायचा, तो रिटायर झाल्यावर हृदय म्हणायला लागला, म्हणजे पुढचं काम दुसऱ्या कोणालातरी करावं लागणार.

दुसरं इंजिन मी शोधलं. चिखलीच्या भंगार बाजारात सात-आठ माणसं कोंबून नेणाऱ्या छोट्या व्हॅनचं इंजिन मिळालं, गिअरबॉक्ससकट, चांगल्या अवस्थेत. पावती माझ्या नावाने झाली, कारण सर त्या दिवशी कोणाच्या तरी मुंजीला गेले होते. गाडी त्यांच्या नावावर होती. त्यामुळे गाडी त्यांची आणि इंजिन माझं, असा तो संसार सुरू झाला. यातून पुढे काय घोळ होईल हे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. आम्हा दोन इंजिनिअरना कळलं नाही.

गाडी ओढत आणून आम्ही तात्यांच्या गोठ्यात भाड्याने ठेवली आणि दर रविवारी तिथे भेटू लागलो. सर प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात थर्मास. मी गाडीखाली. व्हॅनचं इंजिन त्या गाडीत बसायला अजिबात तयार नव्हतं. आधार कुठेच जुळत नव्हते. मी पुठ्ठ्याचे साचे कापले, त्यावरून जाड पत्र्याचे आधार करून घेतले, मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा कापून आखूड केला. या गाडीचा गिअर मुळात स्टिअरिंगच्या बाजूला असायचा. नव्या गिअरबॉक्समुळे त्याला खालून वर यावं लागणार होतं. त्यासाठी मी गाडीच्या तळाचा पत्रा कापायला घेतला तेव्हा सर उठून बाहेर चिंचेखाली जाऊन उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं म्हणे. कल्पना त्यांचीच होती!

आत आल्यावर म्हणाले, "आपण फार नाजूक ऑपरेशन केलं आज."

सरांचा हा 'आपण' फार मोठा शब्द होता. कंपनीतही होता. "आपण आज रात्रपाळीला थांबू," म्हणून ते घरी जात.

मग एके दिवशी त्यांच्या मुलाने त्यांना ऑस्ट्रेलियाला बोलावलं. नातू झाला होता. "सहा महिन्यांनी येतो," सर म्हणाले. सहा महिन्यांचं पुढे काय झालं ते मी विचारायचं सोडून दिलं. तिकडे हवा चांगली, रस्ते चांगले, आणि घरात पोर सांभाळायला माणूस हवा. ते तिथेच राहिले.

आता रविवारी व्हिडिओ कॉल यायला लागले. "दाखव की जरा." मी फोन गाडीसमोर धरायची. "बोनेट उघड. हां. हां. सुंदर!" मागे त्यांच्याकडे नातू रडत असायचा आणि सर माझ्या हाताच्या बोटांकडे बघून म्हणायचे, "छान प्रगती आहे." एकदा मी लागोपाठ दोन रविवार काहीही केलं नव्हतं. रेडिएटर जिथे टेकवून ठेवला होता तिथेच होता, त्यावर कोळ्याने जाळं केलं होतं. मी तोच कोन, तोच रेडिएटर दाखवला.

"वा! आज बरंच झालं की!" सर म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांना दर रविवारी तोच कोन दाखवत गेले. काम हळूहळू करायची, कधी करायचीच नाही. वायरिंग बाकी होतं, ब्रेक बाकी होते, रेडिएटरला पंखा बसत नव्हता. इंजिन बदलल्याची आरटीओत नोंद करायची होती. ती सर करणार होते, त्यांची तिथे ओळख होती. ती ओळखही बहुधा ऑस्ट्रेलियाला गेली.

तात्यांनी गोठ्याचं सांगितलं, त्या रविवारी मी सरांना म्हटलं, "सर, गोठा जातोय. गाडी विकू या."

"विकायची?" त्यांचा आवाज एकदम चढला. "अगं, एवढं काम झालंय! पूर्ण करायची. विकायची नाही."

"कोण पूर्ण करणार?"

"आपण."

हजारो मैल दूर, स्वेटर घालून बसलेला माणूस 'आपण' म्हणत होता.

"मग ठेवायची कुठे? आमच्या सोसायटीत एकच पार्किंग आहे, तिथे ह्यांची स्कूटर आणि माझी दुचाकी असते."

"बघ काहीतरी," सर म्हणाले. "आणि मी एकाला पाठवतो. पुण्यातले जाणकार आहेत. त्यांचा या गाड्यांचा ग्रुप आहे. ते सांगतील काय करायचं."

जाणकार आले. खादीचा कुर्ता, डोळ्यांवर गॉगल, बोटात गाडीच्या किल्ल्या फिरवत. त्या दिवशी माझे यजमान माझ्याबरोबर आले होते. ते शाळेत मराठी शिकवतात, आणि मोशीच्या बाजारातून घेतलेली भाजी त्यांच्या हातात होती. जाणकार सरळ त्यांच्यापाशी गेले आणि हात मिळवला.

"कधीपासून काम करताय हिच्यावर?"

"मी नाही करत," हे म्हणाले. "ही करते."

"हो हो, वहिनींची साथ असतेच," जाणकार हसले आणि बोनेटकडे वळले. आत बघितलं मात्र, त्यांचा चेहरा कुणी मेल्यासारखा झाला. "हे काय केलंत? मूळ इंजिन कुठाय?"

"भंगारात," मी म्हटलं. "ब्लॉक फुटला होता."

ते अजूनही ह्यांच्याशीच बोलत होते. "ब्लॉक दुरुस्त करता आला असता. शोधता आला असता. मूळ इंजिन असतं तर या गाडीला किंमत होती. आता ही काय राहिली? व्हॅन झाली. आणि हे गिअरचं भोक!" त्यांनी गॉगल काढून डोळे चोळले. "ही गाडी तुम्ही मारलीत, साहेब."

"मला खरंच काही विचारू नका," हे भाजीची पिशवी दुसऱ्या हातात घेत म्हणाले. "मला वेलांटी दुरुस्त करता येते फक्त."

मला हसू आवरेना. पण जाणकारांची जी काय तऱ्हा होती तिचा मला वीटही आला. मी त्यांना विचारलं, "तुमच्या किती गाड्या आहेत?" बऱ्याच होत्या. "त्यांचं काम कोण करतं?" एक मेकॅनिक होता, फार जुना, फार विश्वासू. "तो कुठली वायर कुठे जाते ते तुम्हाला दाखवतो का?" जाणकारांना प्रश्न समजला नाही. ते म्हणाले, त्यांचं काम म्हणजे वारसा जपणं. ज्याने स्वतः कधी एक नट आवळला नाही, तो माणूस मूळ आणि खोटं याचा निवाडा करायला पुण्याहून इथवर येतो. त्यांचा स्वतःचा गॉगल तरी मूळ होता की नाही, कोण जाणे.

जाताना त्यांनी मडगार्डवर थाप मारलीच. "पत्रा मात्र..."

"आहे, पत्रा आहे," मी म्हटलं.

दुसरं गिऱ्हाईक तात्यांनीच आणलं. तळेगावकडे हायवेला त्याचं गार्डन रेस्टॉरंट होतं. गळ्यात सोन्याची साखळी, पायात चपला, आणि आल्याआल्या त्याने गाडीच्या भोवती फेरी मारून वितीने रुंदी मोजली.

"ताई, ही मी गेटवर चढवणार," तो म्हणाला.

"गेटवर?"

"व्हय. वर कमान हाय आपली. कमानीवर गाडी, गाडीत नवरा-नवरी बसवायची, प्लास्टिकची. रात्री लाइटिंग. लोक फोटो काढाया थांबत्यात, थांबले की जेवत्यात. इंजिन हाय का आत?"

"आहे. मी बसवलंय."

"काढून ठिवा. वजन नको मला. कमान जुनी हाय."

मी त्याला तिथेच हाकलून देणार होते. ज्या इंजिनापायी मी उन्हाळ्यात गोठ्यातल्या जमिनीवर लोळले, त्याला हा वजन म्हणत होता. पण हेही लक्षात आलं की, इतक्या माणसांत तो पहिला होता ज्याने माझ्या डोळ्यांत बघून बोलणं केलं, गाडीला नावं ठेवली नाहीत की तिची आरती ओवाळली नाही. त्याला काय हवं ते त्याला माहीत होतं. मी म्हटलं, "मालक ऑस्ट्रेलियाला आहेत, विचारून सांगते." आणि मनात ठरवलं की सांगायचं नाही. प्लास्टिकची नवरा-नवरी!

दसऱ्याच्या सुमारास सर स्वतःच आले. पुतणीचं काढीव मुहूर्तावरचं लग्न होतं, चार दिवसांची धावपळ. फोन आला, "उद्या सकाळी गोठ्यावर येतो. तू चालू करून दाखव."

मग मात्र मी कामाला लागले. मी रजा टाकली. का टाकली हे मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक त्यांना एकदा तरी गप्प करायचं होतं. वायरिंग तात्पुरतं जोडलं, बॅटरी आणली, पेट्रोलची बाटली वर टांगली. तात्या मिरच्या उचलता उचलता म्हणाले, "आज घरघरणार व्हय हे?"

सर आले. पांढरे बूट, डोक्यावर टोपी, केसांना रंग. मी पाया पडले. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला तेव्हा क्षणभर मला माझाच जुना काळ आठवला, डोळे मिटून मशीनपाशी उभी असलेली मी. मग सरांनी खिशातून फोन काढला.

मी स्टार्टर दिला. पहिल्यांदा नुसतं खोकलं. दुसऱ्यांदा पकडलं, सुटलं. तिसऱ्यांदा लागलं आणि लागून राहिलं. आवाज रांगडा होता, सायलेन्सर नव्हताच, चिंचेवरचे कावळे उडाले. तात्यांची सून बाहेर धावत आली. गाडी जागच्या जागी थरथरत होती, आणि खरं सांगते, मलाही भरून आलं होतं.

सर फोन धरून रेकॉर्ड करत होते. आधी त्यांनी गाडी घेतली, मग स्वतःचा चेहरा. इंग्रजीत बोलत होते, तिकडच्या मित्रांसाठी. हा माझा प्रोजेक्ट, मी हे इंजिन बदललं, किती वर्षं लागली. मग त्यांनी फोन माझ्याकडे वळवला.

"आणि ही माझी मेकॅनिक," ते म्हणाले. "हॅलो म्हण."

मी इंजिन बंद केलं.

रागावले की माझी गावाकडची बोली वर येते. "तुम्ही काय बोलायलाव, सर?"

"काय झालं?"

"माझी मेकॅनिक? मी तुमची मेकॅनिक कधी झाले? पगार दिला का तुम्ही मला? हे इंजिन माझ्या नावावर आहे. हे भोक मी पाडलंय. तुम्ही त्या झाडाखाली उभे होते डोळे झाकून!"

सर गोंधळले. खरंच गोंधळले, नाटक नव्हतं ते. "अगं, तिकडे सांगायला सोपं जावं म्हणून... त्यांना काय कळतंय..."

"त्यांना नाही कळत. तुम्हाला कळतंय ना?"

तात्या मिरच्यांची पाटी घेऊन हळूच घरात गेले. आम्ही दोघंच राहिलो. सर त्यांच्या जुन्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. तिचा एक पाय मोडायला आला होता, ती कलली, त्यांनी भिंतीला हात टेकवला.

"तिकडे मी कोणी नाही," ते म्हणाले. "नातवाला शाळेत सोडतो, आणतो. मुलाच्या मित्रांना माझ्याशी काय बोलावं कळत नाही. मग मी ही गाडी दाखवतो त्यांना. इथे काहीतरी चाललंय माझं, असं वाटतं. रविवार बरा जातो."

"मग तेवढ्यासाठी मी गोठ्यात लोळायचं?"

"विकलीस तर तुला फोन कशासाठी करू?"

मला संताप आला आणि दयाही आली, पण मी दया दाखवली नाही. "बोलायला माणसाला गाडी लागते का?" मी म्हटलं. "नुसता करा. नाहीतर करू नका. पण या पत्र्याच्या आडून करू नका."

ते खुर्चीतून उठले. मग विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

"गाडी माझ्या नावावर करा. मग काय करायचं ते मी ठरवते. पूर्ण केली तरी माझी, विकली तरी माझी."

दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गडबडीतून ते आले आणि कागदांवर सह्या करून गेले. व्हिडिओ त्यांनी पुसला की नाही मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता सगळं माझ्या हातात आलं आणि मला काही सुचेना. इंजिन तर चालू झालं होतं. ब्रेक आणि रेडिएटर म्हणजे काही मोठं काम नव्हतं. मनात आलं की जिद्दीने पूर्ण करावी आणि चाकणला कंपनीच्या गेटमधून आत न्यावी, सगळ्या बघ्यांची तोंडं बंद करावी. जाणकारांच्या ग्रुपमध्ये फोटो पाठवावा. रोज रात्री जेवताना मी ह्यांना हे आराखडे ऐकवायची. हे ऐकून घ्यायचे, वह्या तपासत.

एका संध्याकाळी त्यांनी पेन खाली ठेवलं. "एक विचारू? तुला ती चालवायची आहे का?"

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी उठून त्या गाडीत बसून कुठे जायचंय का तुला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर नाही असं आलं. मला त्या गाडीत बसून कुठेही जायचं नव्हतं. चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे, सीटबेल्ट नसलेल्या, एसी नसलेल्या, धड ब्रेक नसलेल्या डब्यात घाम गाळत बसायचं, आणि बाजूच्या प्रत्येक दुचाकीवाल्याने काच वाजवून विचारायचं, "कुठलं मॉडेल, ताई?" कशासाठी? मला ते इंजिन तिथे बसवायचं होतं. ते बसलं. चाललं. कंपनीत माझ्या डोक्यावर सतत कोणीतरी उभं असतं, लाइन थांबलीय, लवकर कर, अजून किती वेळ. गोठ्यात मला कोणी लवकर कर म्हणत नव्हतं. एवढ्यासाठीच मी ते काम इतकी वर्षं लांबवलं असणार. गाडीवर प्रेम वगैरे काही नव्हतं. ज्या लोकांना मी हसत होते, त्यांच्यापेक्षा मी वेगळी आहे असं समजत होते, पण माझं सोंग जरा जास्त ग्रीस लागलेलं होतं इतकंच.

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं की," हे म्हणाले आणि परत वह्यांकडे वळले.

मी रेस्टॉरंटवाल्याला फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी हजर. "इंजिन काढून देते," मी म्हटलं, "पण नवरा-नवरी नाही बसवायची."

"का बरं?"

"बरी नाही दिसत."

त्याने डोकं खाजवलं. "बरं, नवरा-नवरी नगं. मग कोण बसवू?"

"कोणी नको. रिकामी ठेवा."

"रिकाम्या गाडीचा कोन फोटो काढनार, ताई?" पण तो कबूल झाला. आम्ही बाकीचं तात्यांच्या ओट्यावर बसून ठरवलं. तात्यांनी मध्यस्थ म्हणून दोघांकडून चहा घेतला.

गोठ्याच्या तुळईला साखळीची पुली बांधून मी इंजिन वर काढलं. तुळई जुनी होती, तात्या सारखे "जपून, जपून" करत होते. इंजिन हवेत लोंबकळत वर आलं आणि खाली मी पाडलेलं भोक, मी केलेले आधार, सगळं उघडं पडलं. काम सुबक होतं. ते मी बघितलं, जाणकारांनी नाही, सरांनी नाही, एवढं पुरे झालं. मला वाटलं होतं की रडू येईल. आलं नाही. पाठ मात्र दुखली.

इंजिन मी आमच्या कंपनीत कामगारांना आणणाऱ्या एका व्हॅनवाल्याला दिलं. त्याचं इंजिन धूर ओकत होतं. म्हणजे एवढा सगळा उपद्व्याप करून व्हॅनचं इंजिन परत व्हॅनमध्येच गेलं. मी स्वतःशी मोठ्याने हसले. तो भाऊ मात्र खूश आहे. कधीकधी सकाळच्या शिफ्टला मोशीच्या चौकात तो माझ्या पुढे असतो, व्हॅनमधून दहा-बारा जण बाहेर ओघळल्यासारखे बसलेले, आणि इंजिन मजेत ओढत असतं. त्याचा तरी कोणी फोटो काढत नाही.

गाडी क्रेनने कमानीवर चढली. कागदोपत्रीही ती मी रस्त्यावरून बाद करून घेतली. एका रविवारी आम्ही दोघं तिथे जेवायला गेलो. कमानीवर ती दिव्यांच्या माळांत उभी होती, आणि आत त्या माणसाने एक भलामोठा प्लास्टिकचा आचारी बसवला होता, हातात झारा. नवरा-नवरी नको म्हटलं होतं, आचाऱ्याबद्दल मी काही बोलले नव्हते. दोन कुटुंबं खाली उभी राहून फोटो काढत होती. एक काका मान वर करून बायकोला सांगत होते, "पत्रा बघ, पत्रा!"

"थाप मारता येत नाहीये बिचाऱ्यांना," हे म्हणाले.

शेवभाजी बरी होती.

सरांचा फोन पुढच्या दोन रविवारी आला नाही. मला वाटलं, संपलं. चांगलंच आहे. मी त्या दोन्ही रविवारी दुपारी झोपले आणि उठल्यावर डोकं दुखलं. तिसऱ्या रविवारी फोन वाजला. पडद्यावर सर, बागेत, गुडघ्यांवर बसलेले. समोर गवत कापायचं मशीन उघडं पडलेलं. हाताला तेल लागलेलं. त्यांच्या हाताला तेल मी पहिल्यांदा बघितलं.

"शेजाऱ्याचं आहे," ते म्हणाले. "चालू होत नव्हतं, म्हटलं मी बघतो. आता उघडलं, पण..."

"प्लग काढून बघितला का?"

"प्लग?"

"सर, आधी प्लग काढा. मग बोला. आणि ती टोपी बाजूला ठेवा, पात्यात जाईल."

ते उठून पाना शोधायला गेले. फोन गवतावर पडून राहिला आणि मला तिकडचं आभाळ दिसत राहिलं, निळं, काही कामाचं नसलेलं. घरातून त्यांचा आवाज येत होता, कुठला पाना, किती नंबरचा, अगं आहेस ना.

"आहे," मी म्हटलं. "शोधा तुम्ही."